वजन ११२ किलो, तीन गोळ्या चालू, तरी बीपी १५६/९८. लठ्ठपणा वाढला की गोळ्या कमी पडतात का?

नाशिककर_४१

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय कारण आता खरंच काळजी वाटायला लागलीय. वय ४१, उंची १७० सेंमी, वजन ११२ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३८.८ येतो. बेंबीवरून कंबर मोजली तर १२२ सेंमी. एमआयडीसीत शिफ्टची नोकरी आहे, एक आठवडा दिवस एक आठवडा रात्र.

बीपी ३५ व्या वर्षी कंपनीच्या तपासणीत सापडलं. तेव्हा वजन ९१ होतं आणि टेल्मिसार्टन ४० च्या एका गोळीवर १२८-१३० राहायचं, काही त्रास नव्हता. मग लॉकडाऊन झाला, घरी बसून वजन शंभरावर गेलं आणि डॉक्टरांनी गोळी ८० ची केली वर अ‍ॅम्लोडिपिन दिली. मागच्या वर्षी ११० ओलांडलं तर तिसरी गोळी आली, क्लोरथॅलिडोन, ती लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी. आणि एवढं करून गेल्या महिन्यात दवाखान्यात १५६/९८. उपाशीपोटी शुगर ११८, तीन महिन्यांची सरासरी ६.६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २.

मला जे समजत नाही ते असं की माझा सख्खा भाऊ, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, एकाच घरात एकाच ताटातलं जेवतो, वजन ७८, त्याचं बीपी एका गोळीत १२६/८०. आणि दुसरीकडे मामेभाऊ कोल्हापूरला तालमीत आहे, त्याचं वजन १०६, उंची माझ्याएवढीच, आणि बीपी ११८/७६, एक गोळी नाही. मग वजनाचा आणि बीपीचा नक्की संबंध काय? वजन वाढलं की गोळीचा असर उतरतो असं काही असतं का? आणि किती किलो उतरले की किती बीपी उतरतं याचा काही हिशोब आहे का? डॉक्टर चांगले आहेत पण बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात, ते म्हणतात वजन कमी करा आणि पुढचा पेशंट आत येतो.

सिस्टर_वाई

दादा, वजनाचं डॉक्टर लोक सांगतील, मी आधी एकच विचारते, बीपी मोजताना तुमच्या दंडाला पट्टा कोणता लावला होता?

मी १४ वर्षं नर्स आहे, सध्या ग्रामीण रुग्णालयात एनसीडी ओपीडी बघते, म्हणजे बीपी-शुगरवाले सगळे आमच्याकडे. जाड दंडाच्या माणसाला नेहमीचा पट्टा लावला की तो जेमतेम गुंडाळला जातो, हवा भरताना चर्र करून सुटतो, मग कुणीतरी हाताने दाबून धरतं आणि आकडा घेतात. तो आकडा चुकतोच, आणि जास्तीकडे चुकतो. अमेरिकेत बाल्टिमोरला १९५ लोकांवर हे मुद्दाम तपासलं होतं, २०२३ ला छापून आलं, ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा लावला तर वरचं बीपी सरासरी १९.५ ने जास्त दाखवत होतं. १९.५! म्हणजे १३५ वाल्याला १५५ सांगून आपण गोळी वाढवून घरी पाठवणार.

शिंप्याची टेप घ्या. खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंत जे अंतर आहे त्याच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोजा, हात सैल सोडून. मग पट्ट्यावर आतल्या बाजूला काय छापलंय ते वाचा. घरच्या मशीनबरोबर बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंमीचा येतो. तुमचा दंड त्यात बसत नसेल तर मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो, तुमच्याच मशीनला चालणारा आहे ना ते बघून घ्या.

आणि मोजताना आधी लघवीला जाऊन या, खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही. शर्टची बाही वर सरकवून आवळली जात असेल तर शर्ट काढाच. सकाळी दोन वेळा, रात्री दोन वेळा, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या वर सरासरी आली तर ते वाढलेलं समजायचं, दवाखान्यात १४०/९० धरतात तसं.

पण म्हणून गोळ्या बंद करू नका हां. पट्टा चुकला असेल तरी तुमचं बीपी नॉर्मल निघेलच असं नाही.

कऱ्हाडचा_डॉक्टर

सिस्टरांनी पहिला मुद्दा बरोबर पकडलाय, आम्ही डॉक्टर लोक तिथेच घाई करतो हे मान्य करतो. मी एमडी मेडिसिन, प्रॅक्टिसला १९ वर्षं झाली. तुमची फाइल समोर नाही, त्यामुळे औषध बदला असं मी इथून सांगणार नाही, पण तुम्ही जे विचारलंय त्याचं उत्तर तुमच्याच गोष्टीत आहे. ९१ ला एक गोळी, १०० ला दोन, ११० ला तीन. तुम्ही लठ्ठपणाच्या पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीच्या टोकाला आलात, जगभरच्या मापाने ३० ते ३५ बीएमआय पहिली, ३५ ते ४० दुसरी, ४० च्या पुढे तिसरी.

गोळीचा असर उतरत नाही. शरीर उलट्या बाजूने जास्त जोर लावायला लागतं. पोटातली चरबी निव्वळ साठलेली नसते, ती कामाला लागलेली असते. मूत्रपिंडाच्या भोवती चरबीचं आवरण जाड होतं आणि बाहेरून त्याला दाबतं. दाबलेल्या मूत्रपिंडाला वाटतं आपल्याकडे रक्त कमी येतंय, मग ते मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतं. चरबीच्या पेशी स्वतःच अँजिओटेन्सिनोजेन तयार करतात, म्हणजे टेल्मिसार्टन बीपी चढवणाऱ्या ज्या साखळीला अडवतं त्या साखळीला इकडून कच्चा माल पुरवला जातो. लेप्टिन हे चरबीतून सुटणारं हार्मोन वाढतं, त्याने मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या नसा सतत चेतवलेल्या राहतात. इन्शुलिनला शरीर दाद देत नाही म्हणून रक्तात इन्शुलिन जास्त राहतं, ते पण मूत्रपिंडाला मीठ सोडू देत नाही. आता बघा, बीपी, शुगर, ट्रायग्लिसराइड, फॅटी लिव्हर हे तुम्ही चार आजार म्हणून लिहिलेत, पण चारही एकाच पोटातून निघालेत. कंबर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, बीपी, उपाशी शुगर या पाचातले तीन बिघडले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, तुमचे पाचही बिघडलेत.

पैलवान भावाचं सांगतो. त्याचं १०६ हे मांड्या, पाठ, खांदे यांचं आहे, तुमचं ११२ पोटाचं आहे. बीएमआयला हाड, मांस, चरबी यातला फरक कळत नाही. त्याची कंबर मोजा, बहुतेक शंभरच्या आत निघेल. पण त्याला माझा निरोप द्या, तालीम सुटल्यावर खुराक सुटला नाही तर तीच जागा चरबी घेते, आमच्या भागात असे चाळिशीतले पैलवान मी रोज बघतो, त्यांचं बीपी १७० असतं आणि त्यांना वाटतं आपण अजून तयार आहोत.

हिशोब विचारलात. २००३ ला २५ चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून काढला होता तो अजून वापरतात, सरासरी एक किलो उतरलं की वरचं बीपी साधारण १ ने आणि खालचं थोडं कमी १ ने. ही सरासरी आहे, तुमचं पाच किलोला आठ उतरेल किंवा पाच किलोला दोन. आणि सुरुवातीला उतरतं तेवढं वर्षानुवर्षं तसंच राहतं असंही नाही. पण ११२ चे १०० झाले तर १० च्या आसपास उतरायला हरकत नाही, आणि हे गोळ्या न वाढवता. शुगर आणि ट्रायग्लिसराइड तर त्याच्याही आधी, पाच-सहा किलोलाच हलायला लागतात.

आता मला दोन गोष्टी सांगा. गुडघे दुखतात का आणि दुखत असतील तर काय घेता? आणि घोरता का?

मुठाकाठ

डॉक्टरांनी लिहिलंय त्याला जोडून भावाबद्दल. ७८ किलो आणि उंची तुमच्याएवढीच १७० सेंमी धरली तर बीएमआय २७, त्याला पण निवांत बसू देऊ नका. आपल्याकडे २७ म्हणजे गोऱ्यांचं २७ नव्हे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे काट्यावर दोघं सारखेच, आतून एकाकडे दुप्पटीहून जास्त चरबी. मी तो फोटो घरी सगळ्यांना दाखवतो, कारण आमच्या घरात कुणीच जाड दिसत नाही आणि शुगर मात्र सगळ्यांना.

म्हणून आपल्याकडे २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरायचं २००९ पासून चालू आहे, आणि कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंमी. २०२५ च्या जानेवारीत नवीन मांडणी आली तिच्यात दोनच टप्पे आहेत, बीएमआय २३ च्या वर पण अजून कुठल्या अवयवाला त्रास नाही तो पहिला, आणि पोट सुटलेलं असून बीपी-शुगर-गुडघे असं काही जोडीला आलेलं तो दुसरा. मला हे पटतं. नुसत्या वजनावरून गंभीरपणा ठरवला तर तुमचा भाऊ वाचलेला वाटतो आणि मामेभाऊ आजारी वाटतो, दोन्ही चूक.

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) देशभरची पाहणी २०२३ ला आली तिच्यात पण हेच, बीएमआयने लठ्ठ २८.६ टक्के पण पोटाने लठ्ठ ३९.५ टक्के. काटा ज्यांना सोडून देतो त्यांना टेप पकडते.

जळगावची_सून

घोरण्याचा प्रश्न डॉक्टरांनी विचारला म्हणून लिहिते, कारण आमच्याकडे सगळा उलगडा तिथेच झाला. माझ्या मिस्टरांचं वजन ११८ होतं, चार गोळ्या चालू होत्या आणि सकाळी उठल्या उठल्या बीपी १६०. संध्याकाळी बरं असायचं. सगळे म्हणायचे टेन्शन घेतो. आणि रात्री मी जागी असायचे, कारण ते घोरता घोरता एकदम थांबायचे, पंधरा सेकंद, वीस सेकंद काहीच नाही, मी हलवणार एवढ्यात हुंदका दिल्यासारखा श्वास घ्यायचे. सासूबाई म्हणायच्या गाढ झोप आहे पोराची. गाढ नव्हती हो, दिवसा गाडी चालवताना डुलकी लागायची त्यांना. एकदा नशिराबादच्या पुढे गाडी रस्त्याच्या खाली उतरली तेव्हा मी हट्टाने डॉक्टरांकडे नेलं.

स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, केली तर तासाला ४१ वेळा श्वास अडत होता. सीपॅप मशीन लावलं, झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं. पहिले पंधरा दिवस त्यांनी मास्क काढून फेकला, मी परत लावला. बीपी एका मशीनने जादू झाल्यासारखं उतरलं नाही, थोडंच उतरलं, पण झोप लागायला लागली, दुपारची डुलकी गेली, मग सकाळी चालायला जायची ताकद आली आणि वजन उतरायला सुरुवात तिथून झाली. आधी नुसतं चाला चाला म्हणणाऱ्यांना मी आता सांगते, जो माणूस रात्रभर गुदमरतोय तो सकाळी पाचला उठून चालणार कसा?

तुमच्या बायकोला विचारा भाऊ, तुम्हाला स्वतःला कळणार नाही.

नाशिककर_४१

एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. एकेकाचं सांगतो.

सिस्टर, दंड ३९ सेंमी निघाला. घरचा पट्टा २२-३२ चा. म्हणजे चार वर्षं मी चुकीच्या पट्ट्याने मोजतोय, आणि दवाखान्यातला पट्टा पण तेवढाच दिसतो.

डॉक्टर, गुडघे दुखतात, नाइट शिफ्टला उभं राहावं लागतं म्हणून डायक्लोफेनॅक घेतो, मेडिकलवाला देतो, आठवड्यात चार-पाच तरी. हे बीपीच्या डॉक्टरांना कधी सांगितलंच नाही, ती गुडघ्याची गोळी बीपीशी काय संबंध असं वाटलं.

घोरण्याचं बायकोला विचारलं तर ती गप्प बसली आणि मग फोनमधलं रेकॉर्डिंग लावलं. दोन महिन्यांपूर्वीचं होतं, मला दाखवायची हिंमत झाली नव्हती तिला. ताई, तुम्ही लिहिलंय तस्संच आहे.

अजून एक विचारायचं राहिलं, ते नवीन इंजेक्शन आणि पोटाचं ऑपरेशन याने बीपी खरंच उतरतं का? ऑफिसात दोघंजण बोलत होते.

कऱ्हाडचा_डॉक्टर

डायक्लोफेनॅक हे मोठं कारण असू शकतं. ही वेदनाशामकं मूत्रपिंडात मीठ-पाणी अडवतात आणि टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन दोघांच्याही विरुद्ध काम करतात. त्यात टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन आणि डायक्लोफेनॅक हे तिन्ही एकत्र असले की मूत्रपिंडाला खरा धोका असतो. आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून सांगा, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम तपासून घ्या, गुडघ्याला दुसरा उपाय विचारा. वजनाने गुडघे दुखतात, गुडघ्यासाठी घेतलेल्या गोळीने बीपी चढतं, बीपीसाठी तिसरी गोळी येते, हे चक्र मी शेकडो पेशंटमध्ये बघितलंय आणि मनापासून वाईट वाटतं, कारण ते एका प्रश्नाने तोडता येतं.

पट्टा बदलून, गोळ्या रोज वेळेवर घेऊन, पेनकिलर बंद करून तरी तीन गोळ्यांवर बीपी वर राहिलं तर त्याला रेझिस्टंट म्हणतात. लठ्ठपणात ते जास्त दिसतं. तिथे चौथी गोळी म्हणून स्पायरोनोलॅक्टोन चांगलं चालतं हे ब्रिटनच्या २०१५ च्या चाचणीत दिसलं, पण पोटॅशियमवर नजर ठेवून, आणि तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. घरात कुणाच्या सल्ल्याने अ‍ॅटेनोलॉल घेऊ नका, त्याने वजन थोडं वाढतं.

इंजेक्शन म्हणजे तुम्ही टिर्झेपाटाइड म्हणत असाल, मार्च २०२५ ला भारतात आलं. त्याच्या मोठ्या चाचणीत ७२ आठवड्यांत डोसप्रमाणे १५ ते २१ टक्के वजन उतरलं आणि वरचं बीपी सरासरी ७ ने. बंद केलं की वजन परत यायला लागतं, आणि खर्च मोठा आहे, हे दोन्ही धरून विचार करा. ऑपरेशनबद्दल ज्यांनी केलंय त्यांनीच लिहावं.

ठाणे_लोकल

मी केलंय. २०२१ ला गॅस्ट्रिक बायपास, हार्टचं नव्हे पोटाचं. वजन १२६, उंची १६८, चार बीपीच्या आणि दोन शुगरच्या गोळ्या. आता ८४ आणि बीपीची एकच गोळी, शुगरची एकही नाही. माझ्या सर्जनने ब्राझीलची चाचणी दाखवली होती, १०० लोकांवर, बीएमआय ३० ते ४० मधले. बीपी आटोक्यात ठेवून गोळ्या तीस टक्क्यांनी तरी कमी करता आल्या असे ऑपरेशनवाले एका वर्षात ८३.७ टक्के, नुसत्या औषधावाले १२.८ टक्के. पाच वर्षांनी पण ८०.७ विरुद्ध १३.७.

पण खरं सांगू का, पहिले सहा महिने फार अवघड गेले. लग्नात ताट समोर आणि चार घासांत पोट भरतं, लोक विचारतात आजारी आहेस का. बी-१२, लोह, डी जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यायचं, मी एक वर्ष आळस केला आणि हातापायाला मुंग्या यायला लागल्या. आणि बीपीच्या गोळ्या भराभर कमी कराव्या लागल्या, आठव्या दिवशी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलो होतो कारण जुनाच डोस चालू होता. तेव्हा वजन कुठल्याही मार्गाने उतरवा, आठवड्याला बीपी लिहून डॉक्टरांना दाखवत राहा.

सिस्टर_वाई

मिठाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून घाईत लिहिते. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळं मिळून. भाजी अळणी करायला सांगून काही होत नाही, घरात भांडणं होतात. वरून येतं ते थांबवा, लोणचं, पापड, शेव-फरसाण, ताटाच्या कडेला घेतलेलं मीठ, शिफ्टमधला वडापाव आणि त्याबरोबर तळलेली मीठ लावलेली मिरची. लठ्ठ माणसाचं मूत्रपिंड आधीच मीठ धरून बसलेलं असतं, त्याला हे जास्त लागतं. आणि लो सोडियम मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि तुम्ही टेल्मिसार्टनवर आहात, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

नाशिककर_४१

दोन महिन्यांनी येतोय. काही झालं की नाही ते सांगायला पाहिजे म्हणून.

मोठा पट्टा आणला. पहिल्याच आठवड्याची सरासरी १४७/९२ आली, म्हणजे १५६ मधलं काही पट्ट्याचं होतं, पण बाकीचं माझंच होतं. डायक्लोफेनॅक त्याच दिवशी बंद. क्रिएटिनिन १.३ आलं होतं, महिन्याने परत केलं तर १.०. गुडघ्यासाठी फिजिओने मांडीचे व्यायाम दिलेत, पॅरासिटामॉल कधीतरी. तीन आठवड्यांत बीपी १४१/८९ वर आलं, वजन तेव्हा जेमतेम दीड किलो उतरलं होतं.

स्लीप स्टडीत तासाला ३४ वेळा श्वास अडतो असं आलं. मशीन भाड्याने घेतलंय, नाइट शिफ्ट असली तर दिवसा लावून झोपतो. सुपरवायझरला रिपोर्ट दाखवून फिरती शिफ्ट सोडवायचा अर्ज दिलाय, अजून उत्तर नाही. डॉक्टरांनी शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू केलंय, चौथी बीपीची गोळी थांबून बघू म्हणाले. इंजेक्शनचं नंतर ठरवू.

वजन आज १०६.८, कंबर ११७. बायको रोज सकाळी कालनिर्णयच्या चौकोनात पेनाने आकडा लिहिते, कालच्या चौकोनात १३४/८४ आहे, परवाच्यात १४०/८८, अजून वरखाली होतंय. भावाची पण कंबर मोजली, ९६ निघाली. तो काही बोलला नाही, पण आज सकाळी गंगापूर रोडला माझ्याबरोबर चालायला आला.